लेखकांच्या टीमसाठी गिट: कोणती पुस्तिका कुठे गेली, हे शोधता यावं म्हणून

गाळप हंगाम ऐन भरात असताना एका साखर कारखान्यातून आमच्या सर्व्हिस विभागाला फोन आला. तिथल्या फिटरच्या हातात आमची पंपाची मराठी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, 'शाफ्टपाशी गळती दिसताच पंप बंद करा.' त्याचा पंप मात्र ग्लँड पॅकिंगचा, म्हणजे शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग दाबून बसवलेला. ग्लँड पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टची स्लीव्ह खराब होते. गळती दिसताच थांबा, हा नियम मेकॅनिकल सीलच्या पंपाचा. पुस्तिका नव्या पंपाची होती आणि पंप जुना. त्या पंपासोबत मुळात कोणती पुस्तिका गेली होती, आणि ते वाक्य कधी, कुणी, का बदललं, हे आम्हा सहा लेखकांपैकी कुणालाच सांगता येईना. शेअर्ड ड्राइव्हवर जवळपास त्याच नावाच्या अकरा फाइली होत्या.

त्यानंतर आम्ही गिटवर आलो. गिट म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल, तो कुणी आणि कधी केला यासकट, नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. चार ते दहा जणांची टीम, मराठी आणि इंग्रजी पुस्तिका, बहुतेकांकडे विंडोज, आणि प्रोग्रामिंग कुणालाच येत नाही, असं धरून हा लेख लिहिला आहे. सॉफ्टवेअर बसवायला अर्धा दिवस पुरतो. वेळ खातात त्या फाइली. बहुतेक मार्गदर्शक इन्स्टॉलेशनपासून सुरू होतात आणि लेखकांची टीम तिसऱ्या आठवड्यात परत शेअर्ड ड्राइव्हवर जाते, म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

एक खुलासा: आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

## १. वर्ड सोडता येईल का, ते आधी ठरवा

वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे आतून एक झिप असते. गिट ती नीट सांभाळतं, पण कालच्या आणि आजच्या फाइलीत कोणतं वाक्य बदललं हे त्याला आपणहून दाखवता येत नाही. पॅन्डॉक हे फाइलींचे प्रकार बदलणारं साधन जोडून फरक दाखवण्याची सोय करता येते. पण दोघांनी एकाच वेळी केलेले बदल एकत्र आणणं मात्र जमत नाही. दोन्हींपैकी एक फाइल ठेवावी लागते आणि दुसऱ्याची मेहनत हाताने उतरवून घ्यावी लागते.

वर्ड, फ्रेममेकर किंवा इनडिझाइन सोडणं शक्यच नसेल तर गिटच्या मागे लागू नका. सबव्हर्जन घ्या; तेही बदलांची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर आहे. गिटच्या आधीचं म्हणून लोक त्याला नाक मुरडतात, पण अशा टीमसाठी ते आजही जास्त सोयीचं आहे. त्यात फाइलीवर 'नीड्स-लॉक' हा गुणधर्म लावला की ती सगळ्यांकडे फक्त वाचण्यापुरती उघडते. ज्याला बदल करायचा त्याने कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. टॉर्टॉइज एसव्हीएन हा सबव्हर्जनचा विंडोजवरचा प्रोग्राम बसवला की हे सगळं विंडोजच्या फोल्डरमध्ये उजव्या क्लिकवर मिळतं. तुमचं उत्तर हे असेल तर पुढचे गिटचे तपशील सोडून द्या, पण फाइलींची नावं, चित्रं आणि टॅग (एखाद्या आवृत्तीला दिलेलं कायमचं नाव) यांबद्दलचं वाचा.

सोडता येत असेल तर साध्या मजकुराचा, म्हणजे शीर्षकं आणि याद्या साध्या चिन्हांनी दाखवणारा, एक प्रकार निवडा. मार्कडाउन शिकायला एक दुपार लागते. पण पुस्तिकेत जोडलेल्या घरांची कोष्टकं, धोक्याच्या चौकटी, आणि एकाच प्रकरणाचं दोन पुस्तिकांत येणं असेल तर मार्कडाउन अपुरं पडतं; तिथे ॲस्कीडॉक बरं. आमच्या पुस्तिका दुसऱ्या प्रकारातल्या असूनही आम्ही आधी मार्कडाउन घेतलं आणि चार महिन्यांनी सगळं पुन्हा बदललं. तुम्ही तो फेरा टाळा: सर्वांत किचकट कोष्टक असलेलं पान घ्या आणि ते दोन्हींत लिहून बघा.

जुन्या वर्ड फाइली मजकुरात आणायला पॅन्डॉक आहे. 'एक्स्ट्रॅक्ट-मीडिया' हा पर्याय दिला की चित्रंही वेगळ्या फोल्डरमध्ये निघतात. शीर्षकं आणि याद्या बऱ्या येतात. कोष्टकं हाताने नीट करावी लागतात. वर्डमध्ये ज्यांनी शीर्षकाची स्टाइल न वापरता नुसता ठळक टाइप वापरला, त्यांची प्रकरणं साधा परिच्छेद म्हणून येतात. आमच्याकडे अशी मंडळी बहुसंख्य होती.

## २. एका ओळीत एकच वाक्य

या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

गिट फरक ओळीनुसार दाखवतं. लेखक मात्र परिच्छेदात लिहितो, आणि साध्या मजकुरात अख्खा परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक ओळ. त्यातला एक आकडा बदलला तरी पूर्ण परिच्छेद लाल आणि मग पूर्ण परिच्छेद हिरवा दिसतो. तपासणारा इंजिनीअर दोनदा बघतो, तिसऱ्यांदा न वाचताच मंजूर करतो. शिवाय एकाने परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि दुसऱ्याने शेवटचं वाक्य बदललं, तरी गिटच्या लेखी दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला असतो. विनाकारण कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांपैकी कुणाचा बदल ठेवायचा हा पेच, येतो.

मार्कडाउन आणि ॲस्कीडॉक या दोन्हींत एकदा एंटर दाबल्याने नवा परिच्छेद होत नाही. त्यासाठी मध्ये रिकामी ओळ लागते. म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिलं तरी छापील पानावर परिच्छेद सलगच येतो. मग फरक असा दिसतो:

− ग्लँडमधून मिनिटाला २० ते ३० थेंब गळू द्या.
+ ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब गळू द्या.

ही युक्ती गिटहून खूप जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या ब्रायन कर्निहॅन यांनी युनिक्स शिकणाऱ्यांना १९७४ साली हाच सल्ला दिला होता: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, कारण मजकूर तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा बदलावा लागतो.

याचा एक अनपेक्षित फायदा झाला. ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेली की वाक्य लांब झालंय हे लिहितानाच कळायला लागलं. आमच्या सूचना आखूड झाल्या, आणि त्यासाठी कुणाला कार्यशाळा घ्यावी लागली नाही.

परिच्छेदांची वाक्यं सुटी करण्याचं काम एकदाच, सगळ्या फाइलींवर, आणि त्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीत) दुसरा एकही बदल न करता करा. आधी थोडं, मग थोडं असं केलंत तर पुढे वर्षभर खरा बदल कुठला आणि ओळी तोडल्याचा कुठला, हे निवडत बसावं लागेल.

## ३. देवनागरीचे खाचखळगे

इंग्रजीत लिहिणाऱ्या टीमना हा भाग लागत नाही, त्यामुळे तो कुठे लिहिलेलाही सापडत नाही. आम्ही ठेचा खाऊन शिकलो.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. दुसरी तऱ्हा म्हणजे साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. गिटला ते वेगळे शब्द आहेत. एका लेखिकेचा कळफलक पहिल्या प्रकारचा होता आणि माझा दुसऱ्या. तिने ओळ पुन्हा टाइप केली की मला फरक दिसायचा, पण डोळे फोडून बघितलं तरी बदललेलं अक्षर सापडायचं नाही.

'ॲल्युमिनियम'मधल्या ॲ चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि काही नंतरच्याही मजकुरात अ वर वेगळा चंद्र दिलेला असतो. युनिकोडचं प्रमाणित रूप, म्हणजे एनएफसी, लावलं की र आणि नुक्ता सुटे असतील तर त्यांचा ऱ होतो. पण जोडक वापरलेला अर्धा र आणि अ वरचा चंद्र ही दोन्ही प्रकरणं त्याने सुटत नाहीत. ती हाताने बदलावी लागतात.

आमचा तोडगा साधा आहे. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. आम्ही इनस्क्रिप्ट घेतला. व्हीएस कोड या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये पूर्ण फोल्डरवर शोधा-बदला चालवून जुनी रूपं एकदाच बदलली, वेगळ्या कमिटमध्ये. आणि दर छपाईआधी जुनी रूपं पुन्हा शिरली नाहीत ना, हे एकदा शोधून बघतो. आकडे देवनागरी की रोमन, हेही तेव्हाच ठरवून टाका. आमच्याकडे मजकुरात देवनागरी, पण सुट्या भागांचे क्रमांक रोमनमध्येच, कारण स्टोअरमध्ये ते तसेच शोधले जातात.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा. त्या फाइलीत आतून रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट काढला की वाचता न येणारी चिन्हं उरतात. रूपांतर करणारी साधनं रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं हमखास चुकवतात. प्रत्येक पान माणसाने वाचलं पाहिजे. याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

फाइली यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवण-पद्धतीत ठेवा. फाइलींची नावं मात्र मराठी ठेवू नका, माझा आग्रह मराठीतच लिहिण्याचा असूनही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, गिट देवनागरी नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांची माळ दाखवतं. 'गिट कॉन्फिग ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' ही आज्ञा दिली की नावं वाचता येतात, पण ती प्रत्येकाच्या मशीनवर द्यावी लागते आणि कुणीतरी विसरतंच. रोमन लहान अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ, एवढ्यावर भागवा. लहानच का, तर विंडोज मोठं आणि लहान अक्षर एकच धरतं, लिनक्स वेगळं धरतं. लेखकाच्या मशीनवर दिसणारं चित्र सर्व्हरवर तयार झालेल्या पीडीएफमधून गायब झालं, तर आधी हेच तपासा.

## ४. रेपोची मांडणी

दर पुस्तिकेला वेगळी रेपो (गिट इतिहासासकट सांभाळतं ते फोल्डर) की सगळ्यांना मिळून एक? जे मजकूर एकमेकांत वापरले जातात ते एकत्र ठेवा. आमचं सुरक्षिततेचं प्रकरण नऊ पुस्तिकांत येतं, म्हणून एकच रेपो. वर 'कॉमन' नावाचं फोल्डर, त्याखाली प्रत्येक पंपाचं एक, आणि पंपाच्या फोल्डरमध्ये मराठी, इंग्रजी आणि चित्रं अशी तीन. प्रकरणागणिक एक फाइल. तीनशे पानांची एकच फाइल ठेवलीत तर सगळे एकमेकांच्या पायात येतील.

भाषांतराची एक सोपी सवय लावून घ्या. आमच्याकडे इंग्रजी आधी लिहिलं जातं. मराठी फाइलीच्या पहिल्या ओळीत, छापली न जाणाऱ्या टिपणीत, ती इंग्रजीच्या कोणत्या कमिटवरून केली त्याचा क्रमांक लिहितो. पुढे त्या क्रमांकापासून आजपर्यंत इंग्रजी फाइलीत काय बदललं हे गिटला विचारलं की नेमकी तेवढीच वाक्यं समोर येतात. पूर्ण प्रकरण पुन्हा ताडून पाहावं लागत नाही.

चित्रांनी रेपो फुगते. गिट प्रत्येक आवृत्तीची चित्र-फाइल जपून ठेवतं, आणि आज टाकलेली मोठी फाइल उद्या काढली तरी ती इतिहासात राहतेच. गिटहब ही रेपो ठेवण्याची ऑनलाइन सेवा १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. रेषांच्या आकृत्या एसव्हीजीत ठेवा; ती आतून मजकूरच असते. फोटो छपाईला लागतील तेवढेच लहान करून टाका. फोटोशॉपच्या मूळ फाइली आणि मोठे ड्रॉइंग यांसाठी गिट एलएफएस वापरा: रेपोत फक्त एक छोटी चिठ्ठी राहते आणि खरी फाइल वेगळीकडे. एलएफएसमध्ये फाइलीला कुलूप लावण्याचीही सोय आहे, जी ड्रॉइंगसाठी उपयोगी पडते. पण एलएफएस पहिल्या दिवशीच लावा. नंतर लावायचं तर इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि सगळ्यांना रेपो नव्याने उतरवून घ्यावी लागते.

सुरुवातीलाच दोन छोट्या फाइली टाका. पहिली 'डॉट गिटइग्नोर': तयार झालेल्या पीडीएफ, वर्डच्या तात्पुरत्या फाइली, विंडोजची 'थम्ब्ज डीबी', मॅकची 'डीएस स्टोअर' यांची नावं तिच्यात, म्हणजे गिट त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. दुसरी 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स': तिच्यात मजकूर फाइलींच्या ओळींचा शेवट एकसारखा राहील अशी एक ओळ, '* टेक्स्ट=ऑटो'. विंडोज ओळीच्या शेवटी दोन न दिसणारी चिन्हं ठेवतं, मॅक आणि लिनक्स एक. ही ओळ नसेल तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी कमिटमध्ये अख्खी फाइल बदललेली दिसते, आणि त्या बिचाऱ्याने फक्त एक स्वल्पविराम टाकलेला असतो.

## ५. सर्व्हर

कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारी टीम असेल आणि तिचा गिट सर्व्हर असेल तर तोच वापरा. बॅकअप, पासवर्ड, परवानग्या ही त्यांची डोकेदुखी आधीच सुटलेली असते, आणि इंजिनीअरांना तपासणीसाठी वेगळीकडे बोलवावं लागत नाही.

नसेल तर गिटहब किंवा गिटलॅब. एक अडचण आधीच माहीत असू द्या: गिटहबच्या फुकट खात्यात खासगी रेपो हव्या तेवढ्या मिळतात, पण खासगी रेपोतली मुख्य ब्रँच (मजकुराची अधिकृत शाखा) कुणी थेट बदलू नये असं कुलूप लावायला पैसे भरावे लागतात. लेखकांच्या टीमला हे कुलूप लागतंच. ड्रॉइंग कंपनीबाहेर जाऊ नयेत असं बंधन असेल तर गिटीआ किंवा तिच्यापासून निघालेलं फोर्जेयो ऑफिसातल्या एका साध्या मशीनवर बसवता येतं. दोन्हींत ब्रँचचं कुलूप आहे, एलएफएस आहे. मात्र त्या मशीनचा बॅकअप रोज दुसऱ्या जागी गेला पाहिजे, आणि तो परत चढवून पाहिलेला असला पाहिजे.

## ६. प्रत्येकाचं मशीन

प्रत्येक लेखकाजवळ बसून वीस मिनिटं द्या. ईमेलने सूचना पाठवून हे काम होत नाही.

गिट फॉर विंडोज बसवताना ते एडिटर विचारतं आणि आपणहून विम सुचवतं. तिथे व्हीएस कोड किंवा नोटपॅड निवडा. विममध्ये अडकलेला लेखक बाहेर कसं पडायचं ते न कळल्याने मशीनच बंद करतो. आमच्याकडे हे दोनदा झालं. मुख्य ब्रँचचं नाव 'मेन' ठेवा. बाकी पर्याय आहेत तसे राहू द्या.

मग नाव आणि ईमेल नोंदवा. पूर्ण नाव लिहायला सांगा. 'यूजर' किंवा 'एचपी' या नावाने कमिट पडले तर तीन वर्षांनी कुणाला विचारायचं?

गिटहबवर पासवर्ड देऊन पुश करण्याची, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवण्याची, सोय १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. विंडोजवर गिटसोबत क्रेडेन्शियल मॅनेजर येतो. पहिल्या पुशला ब्राउझर उघडतो, तिथे एकदा लॉगिन केलं की पुन्हा विचारत नाही.

आणि रेपो कुठे उतरवायची, ते नीट बघा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये बिलकुल नाही. विंडोजवर 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर अनेकदा न सांगताच वनड्राइव्हमध्ये गेलेलं असतं. रेपोच्या आत गिटचं स्वतःचं लपलेलं फोल्डर असतं, आणि दुसरी सेवा त्यातल्या फाइलींच्या प्रती इकडेतिकडे करू लागली की रेपो बिघडते. सरळ सी ड्राइव्हवर 'डॉक्स' नावाचं फोल्डर करा.

लिहायला व्हीएस कोड पुरतो. फरक, कमिट, ब्रँच, पुश सगळं त्याच खिडकीत माउसने होतं. टर्मिनल लेखकांवर लादू नका. एकाला मात्र ते आलं पाहिजे.

## ७. रोजचा क्रम

सकाळी आधी पुल, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल उतरवून घेणं. मग कामाच्या नावाची नवी ब्रँच, उदाहरणार्थ 'ग्लँड-सुधारणा'. लिहा, कमिट करा, पुश करा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल तपासून सामील करून घेण्याची विनंती, उघडा. गिटलॅबवर तिलाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. कुणीतरी तपासलं की मुख्य ब्रँचमध्ये मर्ज (सामील), आणि आपली ब्रँच पुसून टाकायची.

ब्रँच दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नका. पूर्ण प्रकरण होईपर्यंत थांबणारे लेखक महिनाभर जुन्या मजकुरावर लिहीत राहतात आणि शेवटी एकदम सगळं जुळवायला बसतात. अर्धवट मजकूर मुख्य ब्रँचमध्ये गेला तरी बिघडत नाही. छपाईला फक्त टॅग लावलेलं जातं.

कमिटच्या संदेशात काय बदललं हे लिहू नका. ते गिटला दिसतंच. का बदललं ते लिहा. 'पान ३४ अपडेट' याचा उपयोग शून्य. 'नवीन पंपात मेकॅनिकल सील आल्याने गळतीची सूचना बदलली, ग्लँडच्या पंपांना लागू नाही' असा संदेश असता तर त्या फिटरला पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. भाषा टीम बोलते ती. आमचे संदेश मराठीत असतात.

चूक मर्ज झाली तर 'रिव्हर्ट' वापरा: उलटा बदल करणारा नवा कमिट पडतो आणि इतिहास शाबूत राहतो. सर्व्हरवर 'फोर्स पुश', म्हणजे तिथला इतिहास जबरदस्तीने बदलणारा पुश, बंद करून ठेवा. ज्याला त्याची गरज वाटते, त्याला बहुतेक वेळा मदतीची गरज असते.

## ८. कॉन्फ्लिक्ट मुद्दाम घडवा

पहिला कॉन्फ्लिक्ट छपाईच्या आदल्या संध्याकाळी यावा असं वाटत नसेल तर पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांना बसवून घडवा. दोघांना एकच वाक्य वेगवेगळं बदलायला सांगा आणि दोन्ही मर्ज करा. फाइलीत असं दिसेल:

<<<<<<< मेन
ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब गळू द्या.
=======
पंप तापल्यावर ग्लँडचे नट सैल करा.
>>>>>>> ग्लँड-सुधारणा

या उदाहरणात वरचं वाक्य आधीच मर्ज झालेलं, खालचं तुमच्या ब्रँचमधलं; मर्ज कुठून केलं त्यानुसार क्रम उलटाही येतो. कोणतं ठेवायचं, की दोन्ही मिळून तिसरंच लिहायचं, हे लेखकाने ठरवायचं. मग तिन्ही चिन्हांच्या ओळी काढून कमिट. व्हीएस कोड त्यावर बटणं दाखवतो. त्यातलं 'दोन्ही घ्या' हे बटण फसवं आहे: दोन्ही वाक्यं एकाखाली एक तशीच राहतात आणि वाचणाऱ्याला दोन परस्परविरोधी सूचना मिळतात. बटण दाबल्यावर परिच्छेद पूर्ण वाचायचा, हा आमच्याकडे नियमच आहे.

ही कसरत केल्यावर लोकांची भीती जाते. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी त्या दिवशी तीन कॉन्फ्लिक्ट सोडवले आणि मग म्हणाले, हे तर पूर्वी लाल आणि निळ्या पेनाने करायचो तेच आहे.

## ९. तपासणी

मुख्य ब्रँचला कुलूप लावा: निदान एका माणसाची मंजुरी असल्याशिवाय मर्ज नाही. सुरक्षिततेच्या प्रकरणासाठी 'कोडओनर्स' नावाची फाइल करून त्यात त्या फोल्डरपुढे सुरक्षा इंजिनीअरचं नाव घाला. तिथे बदल झाला की मंजुरीची विनंती आपोआप त्यांच्याकडे जाते.

इंजिनीअर लोक शुद्धलेखनावर टिपण्या लिहायला लागतात आणि आकडा तपासायचा राहून जातो. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात त्यांच्यासाठी नेमका प्रश्न लिहा: 'थेंबांची संख्या आणि नटचा टॉर्क बरोबर आहे का?' भाषेची तपासणी दुसऱ्या लेखकाने करायची.

## १०. टॅग आणि पीडीएफ

पुस्तिका छपाईला किंवा ग्राहकाकडे जाते त्या क्षणी त्या कमिटवर टॅग लावा. टॅग टीप लिहिता येणारा असू द्या, आणि टिपेत तारीख, पंपाचं मॉडेल आणि कोणत्या अनुक्रमांकापासूनच्या पंपांना लागू ते लिहा. एकदा लावलेला टॅग हलवायचा नाही. छपाईत चूक सापडली तर नवा टॅग.

टॅगचं नाव प्रत्येक पानाच्या तळाशी छापा, हाताने नाही. 'गिट डिस्क्राइब' ही आज्ञा टॅगचं नाव देते, आणि त्यानंतर आणखी कमिट झाले असतील तर त्यांची संख्याही जोडते. पीडीएफ करणाऱ्या स्क्रिप्टने ते नाव उचलून तळटिपेत टाकायचं. आता फोनवर आम्ही आधी एवढंच विचारतो: पानाच्या खाली काय लिहिलंय, वाचून दाखवा.

मराठी पीडीएफचा एक धोका. ॲस्कीडॉक्टरचं पीडीएफ बनवणारं जोडसाधन देवनागरीची जोडाक्षरं नीट घडवत नाही. ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी पडतात. इंग्रजीला ते चालतं, मराठीला नाही. आम्ही आधी एचटीएमएल बनवतो आणि वीझीप्रिंटने त्याची पीडीएफ करतो. पॅन्डॉक आणि झीलाटेक ही जोडीही चालते. कोणताही रस्ता घ्या, पण 'दुसऱ्या', 'शक्ती', 'निष्क्रिय' असे शब्द असलेलं एक चाचणी पान ठेवा आणि साधनाची आवृत्ती बदलली की ते आधी छापून बघा.

जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करायची वेळ येतेच. तेव्हा त्या टॅगवरून ब्रँच काढा, दुरुस्ती करा आणि नवा टॅग लावा. तीच चूक नव्या पुस्तिकेतही असेल तर तो एकच कमिट 'चेरी-पिक' करून मुख्य ब्रँचमध्ये आणता येतो.

## ११. गिटच्या आधीच्या पुस्तिका

जुन्या वर्ड फाइलींचा सगळा ढिगारा इतिहासात आणण्याच्या फंदात पडू नका. फक्त छापून बाहेर गेलेल्या आवृत्त्या आणा. प्रत्येकीचा मजकूर पॅन्डॉकने काढा, सर्वांत जुनीपासून क्रमाने कमिट करा आणि प्रत्येक कमिटवर टॅग लावा. कमिटची तारीख मागची देता येते, लेखकाचं नावही. वर्ड फाइलीच्या गुणधर्मांत शेवटचं सेव्ह कुणी केलं ते नाव असतं. आम्ही तेच वापरलं. कोष्टकं वाकडी आली तरी चालतील, इथे वाक्यं शोधायची आहेत. हे मुख्य कामाआधी, रिकाम्या रेपोत करा, नाहीतर क्रम लागत नाही.

आम्हाला सात आवृत्त्या सापडल्या. दोन दिवस लागले. मग गळतीच्या त्या ओळीवर 'गिट ब्लेम', म्हणजे ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा, चालवली. वाक्य चौथ्या आवृत्तीत बदललं होतं आणि पुढे माझं नाव होतं. कारण अजून सापडलेलं नाही.